मुक्याने तोडलेला पाला

पहाटे उठल्यापासून औषधाचा पाला तोडून आणेपर्यंत चंद्रावतीने तोंड उघडायचं नाही, हा तिच्या सासूने घालून दिलेला नियम होता. आणि नेमक्या त्याच वेळात तिला बोलतं करायचं, हा नवऱ्याचा, कृष्णनाथचा. लग्न झाल्यापासून हा खेळ चालला होता. ती मागच्या दाराची कडी काढायला लागली की हा अंथरुणातूनच सुरू व्हायचा. "गो, तुझो भाव इलो मगे, खळ्यात उभो आसा." नाहीतर, "अगो, पायाबुडी बग, लांब जनावर!" एकदा तर म्हणाला, "म्हशीक रेडकू जालां, दोन तकल्यांचां." त्या दिवशी तिला हसू फुटलं. सासू तेव्हा हयात होती. तिने निकाल दिला की हसणं म्हणजे बोलणं नव्हे, पण दात दिसले म्हणजे अर्धा गुण गेला. बापडीने त्या दिवशीचा पाला टाकून दिला आणि दारात आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. कृष्णनाथ दिवसभर मिशीत हसत होता.

गोव्यात पेडण्याकडच्या हळर्णला त्यांचं घर गावाच्या कडेला, आणि परसाच्या टोकाला व्हाळाच्या, ओढ्याच्या, बांधावर ते झुडूप. त्याचं नाव घ्यायचं नसतं. विचारलंच कुणी तर "पाला" म्हणायचं. कोयत्याचा घाव, उठलेलं गळू, पायाला लागलेलं, सगळ्याला तो वाटून लावायचा. चंद्रावती कुणाकडून काही घेत नसे. माणसाने तुळशीत एक फूल ठेवायचं आणि जायचं. तुयेच्या कारखान्यांतली पोरं यायची, मांद्र्याहून रापण ओढणारे मासेमार यायचे, पलीकडून दोडामार्गाचीही माणसं यायची. कृष्णनाथ तिच्या या वखदाला, औषधाला, "तुझो गवत" म्हणायचा. स्वतःला कधी खरचटलं तर मुकाट मेडिकलवर जाऊन पट्टी आणायचा, आणि ते तिला लागायचं.

सासूने पाला हाती दिला तेव्हा आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. "जखमेक आदी नाक लाव, मगे हात. कुजको वास इलो काय हात जोड आनी दवाखान्यात धाड. आपलां वखद ताज्या घावाचां." ही एक. दुसरी पथ्याची. जखम भरेपर्यंत आंबट नाही, सुकं म्हणजे सुकी मासळी नाही, दारू नाही, आणि दुसरं वखद नाही. एका वखदावर दुसरं घेतलं की दोन्ही भांडतात आणि मधे माणूस मरतो, असं म्हातारी म्हणायची. हे पथ्य चंद्रावती आल्या-गेल्याला आरतीसारखं म्हणून दाखवायची. म्हणताना त्यातल्या शब्दांकडे तिचं लक्षही नसे.

त्या वर्षी काजू लागायच्या सुमाराला त्यांच्या सेजलचा फोन आला. एकुलती एक पोर. विद्यापीठात शिकत होती, तिथेच वसतिगृहात राहायची, आणि शेवटच्या वर्षाला तिने विषय घेतला होता गावठी वखदांतल्या पाल्यांचा. त्यात जंतू मारणारं काही आहे का, हे बघायचा. दिवाळीत आली तेव्हा पाला मागितला. चंद्रावती अडली. पाला दाखवायचा तो पुढे चालवणाऱ्यालाच, आणि नाव तर सांगायचंच नाही. सेजल म्हणाली, "आये, नाव तू सांगा नको. मी नंबर घालतंय." नंबर घालण्याला म्हातारीने काही बंदी केली नव्हती. पोरीने पहाटे आईच्या मागून मुकाट जाऊन पिशवीभर पाला आणला होता.

आता फोनवर ती नुसती ओरडत होती. "आये! तुझ्या पाल्यान मारल्यान गो! जखमेत पू करतत ते जंतू! फोटो धाडलंय, बग!"

फोटोत एक काचेची ताटली होती. ताटलीभर पिवळसर साय धरलेली, ते म्हणे जंतू. आणि मधे जिथे पाल्याचा अर्क घातला होता तिथे स्वच्छ गोल. त्या गोलात साय नव्हती.

"त्या गोलाकडे एकूय जंतू फिरकाक नाय," सेजल म्हणाली. "माझ्या सरांनी सगळ्यांक बोलावन दाखयल्यानी."

चंद्रावतीने फोन कपाळाला लावला. कृष्णनाथने तो तिच्या हातून घेतला, चष्मा चढवला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "म्हंजे तुझो गवत पास जालो म्हणायचो."

त्या दिवसापासून "गवत" गेलं आणि "आमचो पालो" आला. पेडण्याच्या आठवड्याच्या बाजारात त्याने मासळीवालीला फोटो दाखवला, न्हाव्याला दाखवला, चहा पिणाऱ्या अनोळखी पोरांना दाखवला. "आमच्या पाल्याक विद्यापीठान पास केल्यान! चेडू माझां!" कुणीतरी विचारलं, "काका, ह्यो आंबोळेचो फोटो मगे?" तरी याची मान ताठच. आपल्या बायकोचा आणि पोरीचा असा एकदम अभिमान वाटायची त्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्याला ती कुणापासून लपवता येत नव्हती.

काजूचे दिवस आले. पूर्वी त्यांच्या काजूच्या बागेत, भाटात, चार माणसं मिळायची. आता तरणी पोरं मोपाला विमानतळावर आणि तुयेला कारखान्यात, म्हणून ही दोघंच. उजाडताच डोंगरावर चढायचं, टोकाला खिळा मारलेल्या काठीने पडलेला बोंडू, काजूचं फळ, टोचायचा, पिळून बी वेगळी करायची, बोंडू टोपलीत. ऊन वर येईपर्यंत कंबर धरायची. उतरताना डोक्यावरच्या टोपलीतून रस गळून मानेवर, पाठीवर चिकटायचा आणि त्यावर चिलटं बसायची. बोंडू दारापुढच्या खळ्यात ओतून ठेवायचे. दुपारी गोकुळदास त्याचा पिकअप घेऊन यायचा आणि दारूच्या भट्टीला न्यायचा. गोकुळदास शेजारचाच, कृष्णनाथचा शाळेपासूनचा सोबती. त्या महिन्यात घर, कपडे, केस, भाताचा घासदेखील बोंडवाच्या वासाने आंबलेला असे.

एका दुपारी चंद्रावतीला पायरीवर तांबडे डाग दिसले. रस असेल म्हणून तिने पाणी ओतलं. पाणी लाल झालं.

"अवो, तुमचो पाय बगया."

कृष्णनाथने पाय उचलून उलटा केला. भाटात झुडपं तोडल्यावर जे टोकदार सड राहतात, त्यांतला एक चपलेतून आरपार जाऊन टाचेजवळ घुसला होता आणि आतच मोडला होता. त्याला पत्ताच नव्हता. साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर गोळी घ्यायचा आणि घेताना तोंड वाकडं करायचा. तळव्यांना मुंग्या येतात, कधी गरम-गार कळत नाही, असं म्हणायचा. पण भाटात वावरणाऱ्याच्या तळव्यांना कळून काय करायचं, असं दोघंही समजत होती.

तिने चिमट्याने सड ओढून काढला. तो "स" म्हणाला नाही.

"दवाखान्यात वचया. सुई घेवया."

"सुई?" तो म्हणाला. "अगो, साऱ्या बाजाराक फोटो दाखवन इलंय आनी आता मीच डाक्तराच्या दारात बसू? लोक काय म्हणतले? पालो लाय."

"अवो, पण..."

"लाय म्हणतंय मां! लोकांक लायतंस, माका कित्याक नाय?"

तिने सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. उभ्या जन्मात या माणसाने तिच्याकडे वखद मागितलं नव्हतं. तिने टाचेला नाक लावलं. रक्ताचा आणि बोंडवाचा वास, ताजा घाव. पहाटेचा पाला थोडा शिल्लक होता तो वाटून लावला, फडकं बांधलं, आणि सवयीने आरती म्हटली. आंबट नाही, सुकं नाही, दारू नाही, दुसरं वखद नाही.

कृष्णनाथने हात जोडले. "जशी आज्ञा."

थट्टाच वाटली तिला. पण त्याने ते पाळलं. दोन दिवसांनी गोकुळदास मोसमातला पहिला हुर्राक, बोंडवाची दारू, घेऊन आला. दर वर्षी दोघं ओट्यावर बसून तो घ्यायचे, लिंबू पिळून, आणि मग जुन्या गोष्टी निघायच्या. कृष्णनाथने आपला पेला उलटा घातला.

"वखद चालू आसा रे. माका नाय."

"तुका नाय?" गोकुळदासने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "वैनी, ह्येका तापबीप इलो काय?"

चंद्रावती आत गेली आणि देवापुढे गुळाचा खडा ठेवला. इतकी वर्षं सांगून जे झालं नाही ते पाल्याने केलं, असं तिला वाटलं.

रोज सकाळी ती नवा पाला लावत होती. जखमेचं तोंड मिटत आलं. वर कोरडी खपली धरली. तो पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून भाटात यायचा. बसायला सांगितलं तर म्हणायचा, "बोंडू माझ्यासाठी थांबतलो? गळान कुसान जातलो." आठवडा गेला असेल. मग पाय वरून फुगायला लागला. चपलेचा पट्टा बसेना. घोट्यावरची कातडी ताणून चकाकायला लागली. तिने विचारलं, "ठसठसता?"

"दुखणाच नाय. ह्यो तुझो गुण."

ती ओट्यावर बसून पाय मांडीवर घ्यायची आणि नाक लावायची. पण पुढ्यात खळ्यात बोंडवाचा ढीग पडलेला, ऊन लागून फसफसणारा. हातांना तोच वास, लुगड्याला तोच. नाकात दुसरं काही शिरतच नव्हतं. बोंडवाचाच वास म्हणून ती उठायची. आणि खरं म्हणजे दुसरा वास यावा असं तिला वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा पाय असता तर तिने तो घरात नेऊन, हात धुऊन, पुन्हा हुंगला असता.

मधे सेजलने व्हिडिओवर फोन केला. आईच्या बोलण्यात तिला काहीतरी जाणवलं होतं.

"बाबा, पायाक काय जालां? दाखया बगया."

कृष्णनाथने फोन खाली नेला आणि दुसरा पाय दाखवला, बरा. वर चंद्रावतीकडे बघून डोळा मारला.

"खंय आसा? कायेक दिसणा नाय."

"नाय तां कसां दिसतलां? तुझ्या पाल्यान पळयल्यान."

"बाबा, गोळयो घेतास मां?"

"घेतंय गो बाय, घेतंय. तू अभ्यास कर."

फोन ठेवल्यावर चंद्रावती म्हणाली, "खोटां कित्याक सांगलास तिका?"

"परीक्षा आसा तिची. धावत येतली, आनी काय? बरां जावचां तां जाताच आसा." त्याने सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून बाकावर ठेवला, लाकूड ठेवावं तसा. पोरीला उलटा फोन लावावा असं चंद्रावतीच्या मनात आलं होतं. पण चूल पेटवायची होती, गोकुळदास यायची वेळ झाली होती, आणि ते राहून गेलं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली. काजूच्या दिवसांतल्या त्या उकाड्यात त्याने गोधडी मागितली. पेज दोन चमचे खाऊन बाजूला केली. "उन्हां बादली," म्हणाला. तिने पायावरून हात फिरवला तर पोटरी तव्यासारखी तापलेली. "फाल्यां सकाळी गाडी सांगतंय," ती म्हणाली. तो नाही म्हणाला नाही. तिने तांब्या भरून खाटेपाशी ठेवला.

पहाटे ती उठली. सवयीने तोंड बंद, केस बांधले, मागच्या दाराशी गेली. आज पाला अगदी भरपूर आणायचा, गाडी येईपर्यंत सगळ्या पोटरीला लेप द्यायचा, असं तिच्या मनात होतं. कडीला हात लावला तोच खोलीतून त्याचा आवाज आला.

"चंद्रा... पाणी दी गो."

ती थांबली. आवाज बारीक होता. पण त्याचे आवाज तिला ठाऊक होते. याच दारात त्याने तिला सापाने, भावाने, दोन डोक्यांच्या रेडकाने फसवायला बघितलं होतं. एकदा तर मेल्याचं सोंग घेऊन पडला होता. थट्टा करतोय म्हणजे ताप उतरला, असं तिला वाटलं आणि जीव हलका झाला. आणि नसेल उतरला, तर आजच्याइतकी पाल्याची गरज कुठल्याच दिवशी नव्हती. आज बोलून पाला फुकट घालवायचा?

"चंद्रा..."

ती स्वतःशी हसली, दात दिसू न देता, आणि बाहेर पडली.

बांधावर तिने कोवळी पानं निवडून निवडून तोडली, पदरभर. खाली रस्त्यावर पाववाला पोदेर पोंपों करत गेला. उजाडत होतं. ती मुद्दाम सावकाश परतली, कारण आता आत गेल्यावर तो म्हणणार, आज हरलंय बाबा, आज सुदीक बोलाक नाय तू.

तो खाटेवरून अर्धा खाली आला होता. एक हात जमिनीवर, तांब्याच्या दिशेने. तांब्या आडवा पडला होता आणि पाणी शेणाच्या जमिनीत मुरून गेलं होतं. डोळे उघडे होते, पण त्यांत ती नव्हती.

"अवो! अवो, इलंय मी! ह्यां बगा पाणी!"

तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी ओठांना लावलं. ते कडेने वाहून मानेवर गेलं. पुन्हा लावलं, पुन्हा गेलं. घसा हलला नाही. मग तिने पायाचं फडकं सोडलं. त्या खोलीची खिडकी रात्रभर बंद होती, बोंडवाचा वास आत नव्हता. खपलीच्या कडेने काळपट पाणी आलं आणि तेव्हा तिला तो वास आला, सासूने सांगितलेला. पदरातला पाला तसाच खाली सांडला.

गोकुळदासने पिकअपमधल्या टोपल्या रस्त्यातच उतरवल्या, मागे गादी घातली आणि गाडी हाणली. पेडण्याच्या दवाखान्यात मोठ्या इस्पितळात न्या म्हणाले म्हणून मोठ्या इस्पितळात नेलं. सेजल त्यांच्याआधी दारात पोचली होती, निरोप मिळताच परीक्षेच्या हॉलमधून उठून, हातात पेन तसंच. स्ट्रेचरवरचा पाय बघितल्यावर तिने आईकडे बघितलं. ते बघणं चंद्रावतीला सोसवलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि बोलायला मऊ होती. पाय गुडघ्यावरून काढावा लागेल, म्हणाली, तरी सांगता येत नाही, विष रक्तात गेलंय. मग विचारलं, "साखर भलतीच चढली आहे. गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बंद नाय," चंद्रावती म्हणाली. "घेतत ते. रोज."

"घेत नव्हते, आजी. घेत असते तर एवढी चढली नसती."

गोकुळदास भिंतीला टेकून उभा होता. त्याने टोपी काढली.

"वैनी," तो म्हणाला. "घेत नाय होतो तो. माका सांगल्यान. म्हणालो, आमचां वखद चालू आसा, चंद्रान सांगल्यान दुसरां वखद चलाचां नाय. हुर्राक नाय, गोळी नाय, कायेक नाय. म्हणालो, एकदा तरी तिचां मनापासून आयकतंय." तो हातातली टोपी चाळवत राहिला. "माका वाटलां, तुका खबर आसतली."

चंद्रावती तिथेच जमिनीवर बसली. म्हातारीने दुसरं वखद म्हटलं ते दुसऱ्या वैदूचा पाला, कुणा मांत्रिकाचा अंगारा. तिच्या काळात घरात गोळी होती कुठे? आणि हिने ते शब्द जसेच्या तसे त्याच्या हातावर ठेवले होते, घासून-पुसून न बघता. जन्मभर ज्याने तिचं ऐकलं नाही त्याने एकदा ऐकलं, आणि नेमकं हेच ऐकलं.

पाय काढला. पण कृष्णनाथ पुन्हा जागा झाला नाही. काचेपलीकडे तो नळ्या लावून पडलेला, आणि पांघरूण एका बाजूला सपाट. चंद्रावती बाकावर बसून राहायची. कुणी पाणी दिलं तर हातात धरून ठेवायची, प्यायची नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी आत बोलावलं. त्याच्या हातांना अजून बोंडवाच्या डिंकाचे काळे डाग होते, ते नर्सने पुसूनही गेले नव्हते.

बारावं-तेरावं झालं. भाटात बोंडू गळून कुजला, बिया खारींनी नेल्या. सेजल परत गेली नाही. तिच्या सरांचे फोन यायचे, ती उचलायची नाही. एका सकाळी ओट्यावर बसून ती म्हणाली, "माझ्यामुळां गेले बाबा."

"तसां म्हणा नको."

"मी फोटो धाडलंय म्हणान ते दवाखान्यात जावक नाय. आये, ती ताटली होती गो. ताटलीत जंतू मेले म्हणजे माणसाच्या पायात मरतत असां नसता. थंय रक्त नाय, साखर नाय, हाड नाय. तां माका म्हायत होतां. पण मी सांगूकच नाय. मी नुसती ओरडलंय, पाल्यान मारल्यान, पाल्यान मारल्यान!" ती गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली. "मी नाय आता तां करूचंय."

चंद्रावतीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तुझ्यामुळे नव्हे, असं सांगायला तिच्यापाशी एक गोष्ट होती. ती सांगितली असती तर पोरीच्या डोक्यावरचं ओझं निम्मं झालं असतं. पण त्या पहाटेबद्दल तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, गोकुळदासला नाही, भावाला नाही. रोज पहाटे तिला त्याच वेळी जाग यायची आणि ती अंथरुणात पडून कान देऊन ऐकत राहायची. घर गप्प असायचं.

असंच आणखी काही दिवस गेले. एका पहाटे ती उठून मागचं दार उघडणार, तोच पुढच्या खळ्यात स्कूटर थांबली. कारखान्याच्या निळ्या शर्टातला एक माणूस उतरला आणि लंगडत पायरीपाशी आला. मागे त्याची बायको. त्याच्या अंगठ्याला रुमाल बांधला होता आणि पाऊल फुगलं होतं.

"मावशे," तो म्हणाला, "आमी तुयेसून इलंव. विद्यापीठान पास केलेलां वखद तां हयच मां?"

चंद्रावती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. उठल्यापासून ती बोलली नव्हती. बोलायला कुणी जागं नव्हतंच.

"पेडण्याच्या बाजारात एक काका भेटललो. मिशयेचो. फोनात फोटो दाखय होतो. म्हणालो, माझ्या बायलेचां वखद, माझ्या चेडवान तपासलां. मोठो हौशी माणूस. नाव इचारूक इसारलंय. ते हयच रवतत?"

तिने मान हलवली, हो की नाही ते त्याला कळलं नसावं. आत वळली. घरातून चालत मागच्या दाराशी गेली, कडी काढली आणि बाहेर पडली. पाय आपोआप बांधाकडे गेले. झुडूप या दिवसांत कुणी तोडलं नव्हतं म्हणून दाट झालं होतं. तिने एक पान खुडलं, दुसरं खुडलं. माणूस दूरवरून आला आहे, पाला लागू पडेल, नाहीतर पडणार नाही. मागे घर उभं होतं. आतून कुणी म्हणालं नाही की तुझा भाऊ आला. कुणी म्हणालं नाही की पायाखाली बघ.

तिने मागे वळून त्या खोलीच्या बंद खिडकीकडे बघितलं.

"इलंय हो," ती म्हणाली.

किती दिवसांचा कोंडलेला आवाज, तो फाटूनच आला. मग ती मोठ्याने ओरडली. "इलंय मी! पाणी हाडतंय! आयकलां माका! माका आयकलां होतां, मी बोलाक नाय! इलंय हो, हाडतंय पाणी!"

सेजल अनवाणी धावत आली. "आये! कोणाशी बोलतंस?"

"बापाशीक तुझ्या," चंद्रावती म्हणाली. "पाणी मागल्यानी त्येनी माझ्याकडे. त्या दिसा. मी पाल्याक जाय होतंय म्हणान गप रवलंय. माका वाटलां, थट्टा." तिच्या मुठीतली पानं चुरगळली होती. "ताटलीमुळां नाय गो बाय. माझ्या तोंडात जीब होती."

सेजलने तिला घट्ट धरलं. दोघी बांधावर तशाच उभ्या होत्या, आणि रडणं कुणाचं कुठलं ते कळत नव्हतं. मग चंद्रावतीने पानं व्हाळात टाकली, पदराने तोंड पुसलं आणि घरात आली. कळशीतून तांब्या भरला. तो घेऊन ती पुढच्या दारात गेली.

"पालो नाय आज," ती त्या माणसाला म्हणाली. "आज बोललंय मी. साखर आसा तुका?"

"हां, आसा थोडी. गोळी चालू आसा."

"गोळी बंद करा नको. कोणी किताय सांगांदे, मी सांगलां तरी बंद करा नको. आनी स्कूटर फिरव, सरळ दवाखान्यात वच. ह्यां चेडू येतलां तुमच्यावांगडा, डाक्तराक सारकां सांगतलां." सेजल मागे उभी होती. तिने डोळे पुसले आणि चपला शोधायला लागली.

"पण मावशे, ते काका म्हणाले..."

"आयकलां मी काकांचां. पाणी पी आदी."

तो तहानलेला असावा. त्याने तांब्या दोन्ही हातांनी धरला, मान मागे टाकली आणि वरून धार धरून घटाघटा प्यायला लागला. त्याच्या घशाची गाठ वर-खाली होत होती. चंद्रावती पायरीवर उभी राहून, तांब्या रिकामा होईपर्यंत, ती बघत होती.